फिरणं परत आणणारी डबी

पंख्याचा कंडेन्सर गेला की काय होतं, हे बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात माहीत असतं. बटण दाबलं की पंखा नुसता घुं करतो, पाती जागची हलत नाहीत. मग कुणीतरी काठीने पातं ढकलतं आणि पंखा चालू होतो. पण उलट्या बाजूने ढकललं, तर तो उलटाही तसाच धावत सुटतो! वीज तीच, तारा त्याच, आणि कुठल्या दिशेला फिरायचं हे त्याला ठाऊकच नाही. मला हे फार मोठं नवल वाटतं. त्याचा उलगडा परळीपासून सुरू होतो.

परळी वैजनाथच्या औष्णिक केंद्रात १९७१ साली वीजनिर्मिती सुरू झाली. तिथलं टर्बाइन वाफेच्या जोरावर मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या विजेचे ५० हर्ट्‌झ ते हेच. जनित्रात तारेच्या तीन गुंडाळ्या एकमेकींपासून १२० अंशांवर असतात, म्हणून तिन्ही गुंडाळ्यांतली वीज, म्हणजे तीन फेज, एकामागून एक चढते-उतरते. हे तीन फेज विहिरीवरच्या मोटारीत पोचले की तिच्यातलं चुंबकत्व आपोआप गोल फिरू लागतं. जनित्रातलं फिरणंच तारांवरून शेतात येतं म्हणा ना!

घरात मात्र एकच फेज येतो. त्यात चढ-उतार उरतो, फिरणं हरवतं. खुंटा नुसता सरळ रेषेत पुढं-मागं ओढला तर जातं फिरत नाही, तशी गत.

हे हरवलेलं फिरणं कंडेन्सरची ती लहानशी डबी परत आणते. मोटारीत पहिलीशी काटकोन करणारी दुसरी गुंडाळी असते आणि तिच्या वाटेत कंडेन्सर. त्याच्या आत धातूचे दोन पातळ थर आणि मध्ये प्लास्टिकची फिल्म. वीज आरपार जात नाही. थरांवर साचते आणि परतते. रिकाम्या रांजणाला तळाशी नळी जोडली, तर पाणी आधी जोरात शिरतं, रांजणातला दाब मागाहून चढतो. कंडेन्सरमध्येही प्रवाह आधी, विजेचा दाब म्हणजे व्होल्टेज नंतर. तारेच्या गुंडाळीचं नेमकं उलटं: दाब आधी, प्रवाह रेंगाळत मागून. त्यामुळे एकाच फेजवरच्या दोन गुंडाळ्या एकाच वेळी जोर लावत नाहीत. आधी ही, मग ती. फिरायला एवढं पुरतं.

इटलीतल्या तुरीन शहरात गॅलिलिओ फेरारिस यांनी १८८५ मध्ये अशाच फिरत्या चुंबकत्वात तांब्याचं नळकांडं ठेवलं आणि कशाचाही स्पर्श न होता ते फिरलं. निकोला टेस्ला यांची अशा मोटारींवरची पेटंटं त्यानंतरची, १८८८ ची.

हा प्रयोग घरी करता येतो. दोन लोखंडी बोल्टांवर वाइंडिंगच्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारेक वेढे घाला. बोल्ट काटकोनात ठेवा, दोघांची टोकं जवळजवळ भिडतील तिथे सुईच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियमचा हलका डबा पालथा तोला. दोन्ही गुंडाळ्यांना १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरची एसी वीज द्या, एकीच्या वाटेत कंडेन्सर घालून.

नवशिका इथेच फसतो. तो पंख्याचा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावतो आणि डबा ढिम्म राहतो. ५० हर्ट्‌झला त्या कंडेन्सरचा अडसर सुमारे १२७० ओहम. १२ व्होल्टवर त्यातून जेमतेम १० मिलीअँपिअर वाहतात. पंख्याला २३० व्होल्ट मिळतात, म्हणून तिथे तो पुरतो. इथे पंपाचा १०० मायक्रोफॅरडच्या आसपासचा स्टार्ट कंडेन्सर हवा. त्याचा अडसर फक्त ३२ ओहम.

मुलांनो, घरातल्या २३० व्होल्टच्या तारेला थेट काही जोडू नका. ट्रान्सफॉर्मरही मोठ्या माणसासमोरच लावा. प्लस-मायनसची खूण असलेला कंडेन्सर एसीवर फुटू शकतो, तो घेऊ नका. वापरातल्या पॅनेलमधून काढलेला तर मुळीच नको. वीज बंद केल्यावरही त्यात झटका साठलेला असतो. गुंडाळ्या तापतात, म्हणून मिनिटभर चालवून थांबा.

डबा फिरू लागला की वीज बंद करा, कंडेन्सर काढून दुसऱ्या गुंडाळीच्या वाटेत लावा आणि पुन्हा चालू करा. डबा उलटा फिरेल.