धार आपल्या हातची

परवा गटाच्या बैठकीत आमची एक मैत्रीण हप्ता भरायला आली. नोटा मोजताना तिच्या बोटांना लागलेला काळा लोखंडी भुगा बघून सगळ्या हसल्या. ती ठसक्यात म्हणाली, "हसा गं! विळ्या बोथट झाल्या की माझ्याच दारी याल."

दोन वर्षांपूर्वी तिच्या सुतार नवऱ्याची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली. मुलं शाळेत. शिवणकाम तिला जमेना. पण रंधा-पटाशीला धार लावायला ती लग्नापासून शिकली होती. सुगीच्या तोंडावर लोक विळे-कोयते घेऊन तालुक्याला जातात, हे तिनं हेरलं. पण नवं मशीन घ्यायला पैसे कुठले?

माझ्या शेजारणीचं टब फुटलेलं सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन भंगारात चाललं होतं. त्याची धुण्याची मोटर शाबूत होती. मिनिटाला साधारण १४०० फेरे. गावातल्या वायरमनने ती एकाच दिशेनं फिरेल अशी जोडून दिली, कारण धुताना ती उलटसुलट फिरते आणि तशी फिरली तर दगडाचा नट सैल होतो. जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर जाड फळी बसवली. स्पिंडल, सारख्या मापाच्या दोन पुल्या, पट्टा आणि सहा इंची दगड तेवढा विकत आणला. गटानं त्यासाठी कर्ज दिलं.

"मिक्सरची मोटर का नाही लावली?" असं मी विचारलं होतं. तिचा वेग दहा हजारांच्या वर जातो. दगडावर छापलेल्या वेगापेक्षा जास्त फिरवला तर दगड फुटून अंगावर येतो. शिवाय मंद फिरणाऱ्या दगडावर पातं कमी तापतं. तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरलंच म्हणून समजा.

घाई मात्र मी केली. अर्थिंग व्हायच्या आधीच बटण दाबलं आणि स्टँडला हात लागताच खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. नशीब, पायात चप्पल होती! त्यानंतर मोटरला आणि स्टँडला हिरवी वायर जोडली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, दगडावर आणि पट्ट्यावर पत्र्याचं झाकण आलं. म्हणून मैत्रिणींनो, विजेचं काम जाणकाराकडूनच करून घ्या. मोटरचा कपॅसिटर तर वीज बंद केल्यावरही झटका देतो.

माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? नवा दगडही तसाच टांगून लाकडानं हलकेच वाजवायचा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा आहे, तो बसवायचाच नाही.

कामाला बसताना ती साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालते. पदर आत, केस घट्ट बांधलेले, बांगड्या काढलेल्या, डोळ्यांवर चष्मा. हातमोजे नाहीत, कारण ते दगडात ओढले जातात. दर पंधरा मिनिटांनी मोटरला विसावा.

"बाईनं मशीन चालवायचं?" असं म्हणणारेच आता कोयते घेऊन ओट्यावर थांबतात. नवरा शेजारी खुर्चीत बसतो आणि डाव्या हातानं प्रत्येक पातं तपासतो. त्यानं मान हलवली की मगच ती पैसे घेते.

आणि हो, तिचा हप्ता आजवर एकदाही चुकलेला नाही.