कोवळं चीज, कडक भाकरी

जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि चीज स्वस्त झालं, हे एव्हाना सगळ्यांना माहीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ला कर उतरल्यानंतर हिशेब असा, की करासकट ११२ रुपयांना मिळणारी वडी १०५ला मिळायला हवी. सात रुपयांनी पाहुणचाराचं गणित बदलत नाही. परदेशी चीजचे भाव खाली येण्याची आशाही धरू नये. ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये झालेल्या व्यापार करारात आपण दुग्धपदार्थांना दार उघडलं नाही, आणि दोन-चार जनावरांवर संसार चालवणारी लाखो घरं डोळ्यांपुढे आणली तर ते योग्यच झालं. तेव्हा मे महिन्यात गच्चीवर मित्रमंडळी बोलावून चीजचं ताट मांडायचं असेल, तर बचतीची जागा दुसरीकडे शोधावी लागेल. ती जागा आहे चीजच्या वयात.

गाईच्या साधारण दहा लिटर दुधातून एक किलो घट्ट चीज निघतं. पुढे ते महिनोन् महिने थंड खोलीत मुरत ठेवायचं, उलटं-पालटं करायचं. त्या काळात त्यातलं पाणी उडून वजन घटतं, पैसा अडकून राहतो आणि आपल्या हवेत विजेचं बिल चढत जातं. जुन्या चीजची किंमत या मुक्कामाची असते. कोवळ्या चीजला हा मुक्कामच नाही. मोझरेला किंवा मुंबईतल्या पारश्यांचं टोपली पनीर काही दिवसांत तयार होऊन बाजारात येतं. उकाड्यात जिभेला हवं असतं तेही हेच: ओलसर, किंचित आंबट, खारट.

टोपली पनीर तर आवर्जून शोधावं. वेताच्या चिमुकल्या टोपल्यांत लावलेलं, खारवलेल्या निवळीत बुडवून ठेवलेलं, अंगावर टोपलीची वीण उमटलेलं हे पनीर बोटाने दाबलं तर थरथरतं. ते मिळालं नाही तर घरचा चक्का आहेच. सायीचं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच रात्रभर निथळू द्यावं, बाहेर टांगलं तर या दिवसांत आंबून जातं. मग मीठ, भरड मिरी, वरून थोडं शेंगदाण्याचं घाण्याचं तेल. सहा जणांना जेवणाआधी सगळं मिळून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम चीज पुरतं. त्यातलं निम्मं असं कोवळं असलं, की उरलेल्या पैशांत मुरलेल्या गौडाचा एक चांगला तुकडा बसतो.

आणखी एका वस्तूसाठी मात्र हात थोडा सैल सोडावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मौसम नारंग यांच्या मुंबईतल्या ‘एलेफ्थेरिया’च्या ब्रुनोस्टला २०२१च्या जागतिक चीज स्पर्धेत रौप्यपदक मिळालं. ब्रुनोस्ट मूळचं नॉर्वेचं. चीज केल्यावर उरलेली निवळी तासन् तास आटवायची. आटता आटता तिच्यातली दुधाची साखर करपण्याच्या अलीकडे तांबूस होते. त्यात साय घालायची युक्ती १८६३च्या सुमारास आन्ने होव्ह या नॉर्वेजियन बाईंची, असं तिथे मानतात. चव म्हणाल तर साताऱ्याच्या कंदी पेढ्यात चिमूटभर मीठ पडावं तशी. चीजचा वास सहन न होणारी आजीसुद्धा हे दुसऱ्यांदा मागून घेईल. कागदासारखे पातळ काप काढायचे, म्हणजे छोटी वडी आठ-दहा जणांना सहज पुरते.

आता उकाड्याचं. चीज खाण्याआधी तासभर फ्रिजबाहेर ठेवा, असं युरोपातली पुस्तकं सांगतात. तिथल्या खोलीत वीस अंश असतात, आपल्या गच्चीवर रात्री आठलाही पारा तिशीच्या आसपास असतो. दुधातला स्निग्धांश विशीत अर्धवट घट्ट असतो आणि तिशी ओलांडली की बहुतेक पातळ होतो. गौडाच्या कापावर आधी चकाकी येते, मग तेलाचे बारीक थेंब फुटतात, कडा वाकतात, आणि मग तोंडात नुसता तेलकटपणा उरतो. मुरलेल्या चीजला पंधरा-वीस मिनिटं पुरे. कोवळं थेट फ्रिजमधून काढावं आणि तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. त्यात पाणी भरपूर असल्याने जंतूंचं फावतं. संगमरवरी पोळपाट दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवला तर त्यावर ताट छान टिकतं. निम्मं आधी मांडा, निम्मं नंतर.

सोबतीला आयात केलेली बिस्किटं आणण्यात पैसे घालवू नयेत. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी हातात मोडली की कडाकड तुकडे पडतात, आणि तिचा जरासा तुरट-भाजका स्वाद चक्क्याखाली फार शोभतो. गौडाशेजारी साखरांबा किंवा उपवासाचं गोड लिंबाचं लोणचं. द्राक्षांचा हंगाम सरलेला असतो, पण करवंदं, जाम, कैरीच्या फोडी आणि मेअखेरीस जांभळं असतात. हापूस मला या ताटात नको वाटतो, त्याच्यापुढे कुठल्याच चीजचं काही चालत नाही. प्यायला कोकम सरबत, साखर कमी घालून. त्याचा आंबटपणा तोंडातला तुपकटपणा धुऊन काढतो.

खरेदी करताना वेष्टनाची मागची बाजू वाचाच. घटकांत पामतेल किंवा वनस्पती तेल दिसलं तर ते चीज नव्हे, चीजची नक्कल म्हणजे अ‍ॅनालॉग आहे. ते चीजच्या नावाने विकणं ही सरळ फसवणूक आहे. प्रोसेस्ड चीजमध्ये तसं काही वाईट नाही, पण ते पुन्हा वितळवून क्षारांनी बांधलेलं असतं, त्यामुळे पुढे मुरत नाही आणि पहिल्या घासाला जे सांगतं तेच शेवटच्या घासालाही सांगतं. ते सँडविचला ठेवावं. मंडळींत काटेकोर शाकाहारी असतील तर अस्सल इटालियन पार्मिजानो टाळावं, ते वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याने, लावतात. आपल्याकडच्या चीजवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

उरलेलं चीज प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, त्याला घाम फुटून बुरशी धरते. बटर पेपरमध्ये बांधून मग डब्यात ठेवावं. चक्क्याच्या निवळीत थालिपिठाचं पीठ भिजवावं. गौडाचे सुटे तुकडे लसणाच्या एका पाकळीबरोबर आणि चमचाभर लोण्याबरोबर वाटले, की दुसऱ्या दिवशी भाजलेल्या पावावर लावायला मिळतात.