चिंचोक्यांचे गणित

मी मराठीचा प्राध्यापक. गणिताशी माझी जी काही ओळख आहे, ती आजोबांच्या धाकाने झालेली. दिवेलागणीला परवचा होई. पावकी, निमकी, सवायकी करीत आम्ही भावंडे थेट औटकीपर्यंत मजल मारीत असू. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे मात्र मला कॉलेजात गेल्यावर समजले!

म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तानसा तलावाजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत गेलो आणि दुसरीतल्या मुलांच्या हातांत टॅब पाहिले, तेव्हा मला त्यांचा हेवाच वाटला. शहापूर तालुक्याला याचे नवल नाही. इथल्याच पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणून महाराष्ट्रभर गाजली.

टॅब म्हणाला, ‘एकोणतीस.’ एका कातकरी मुलीने ३९ वर बोट ठेवले. फुली आली. पुन्हा ३९, पुन्हा फुली. पोर रडवेली झाली. चूक तिची नव्हती, माझ्या मायमराठीची होती. अठ्ठावीसपर्यंत कानांवर ‘वीस’ पडते आणि एकोणतिसात अचानक ‘तीस’ येऊन बसते! हीच अडचण ओळखून २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा आपण शहरवासीयांनी केवढा गहजब केला होता!

बाईंनी टॅब बाजूला ठेवला आणि चिंचोके काढले. दहा-दहाच्या तीन ढिगल्या मांडायला लावल्या. मग एक चिंचोका उचलून मुठीत घेतला.

“आता?”

मुलगी क्षणभर थांबली आणि हसली. “तिसाला एक कमी!”

“तेच एकोणतीस.”

मग तिने टॅब पुन्हा घेतला आणि एकोणचाळीस, एकोणपन्नास धडाधड ओळखले. सरावाला टॅबसारखा सोबती नाही. तो कंटाळत नाही, छडीही उगारत नाही. पण चूक का झाली, हे तो विचारीत नाही. तसे पाहिले तर माझ्या आजोबांनीही ते कधी विचारले नव्हते!

निघताना बाई म्हणाल्या, “सर, दिवाळी झाली की हिचे आईबाप वीटभट्टीवर जातील, हीही जाईल. टॅब इथेच राहील. तिथे हजार विटांमागे मजुरी, त्यातून घेतलेली उचल वळती होते. आकडा कानांवर पडतो आणि बाप अंगठा उठवतो. निदान हिला तरी तो आकडा कळायला हवा.”

मी मागे वळून पाहिले. मुलीने चिंचोके फ्रॉकच्या खिशात भरले होते.