स्कूबाचे ठिकाण निवडताना
स्कूबाच्या सहलीत विमानभाडे आणि मुक्काम यांचा खर्च मोठा असतो. त्यामुळे केवळ एका डाइव्हचा दर पाहणे फसवे ठरते. शिकाऊ डाइव्हरसाठी थायलंडच्या आखातातील को ताओ हे बेट उत्तम. लहानशा बेटावर प्रशिक्षण केंद्रांची दाटी असल्याने दर आटोक्यात राहतात. १८ मीटर खोलीपर्यंतचा ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम तीन-चार दिवसांत पूर्ण होतो, काही केंद्रे सोबत स्वस्त खोलीही देतात. नोव्हेंबरमधला जोराचा पाऊस मात्र टाळावा. अंदमानच्या स्वराज द्वीपावर पाणी नितळ आणि भारतीयांना व्हिसाचा खर्च नाही. मालवण-तारकर्ली महाराष्ट्रातच, म्हणून मराठी पर्यटकांना सर्वांत जवळचे. तिथे पाण्याखाली तितके लांबचे दिसत नाही आणि पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असते. विम्यात काटकसर नको. अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळायचा असल्याने मुक्कामाची ती जादा रात्रही हिशेबात धरावी.