सुई टोचताना शेजारी कुणी असेल तर?

लोकलच्या गर्दीत इअरफोन लावून ज्यांना आजचा एपिसोड धड ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. विषय जरा जड आहे: सुईने नशा करणारे लोक, आणि काही देशांनी त्यांच्यासाठी काढलेल्या देखरेखीच्या खोल्या. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे ‘हे नेमकं चालतं कसं?’ या बाजूने मी ते समजून घेतलंय आणि तसंच सांगतो.

खोलीत होतं काय?

माणूस आपली नशा स्वतःच घेऊन येतो. तिथे त्याला नवी सिरिंज, स्वच्छ पाणी आणि बसायला जागा मिळते. नर्स टोचून देत नाही, फक्त लक्ष ठेवते. अशी पहिली अधिकृत खोली स्वित्झर्लंडमध्ये, बर्न शहरात, १९८६ साली निघाली. सिडनीत २००१ मध्ये, तर कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २००३ मध्ये ‘इनसाइट’ सुरू झालं.

आता लक्ष ठेवून काय साधतं? हेरॉइन, ब्राउन शुगर ही अफूचीच भावंडं. डोस जास्त झाला की मेंदूचा श्वास चालवणारा भाग मंदावतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो, पण श्वास थांबत जातो. ऑक्सिजन बंद झाला की काही मिनिटांतच मेंदूला इजा व्हायला लागते. यावर नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. ते अफूच्या रेणूंना मेंदूतल्या त्यांच्या जागेवरून हुसकावतं आणि श्वास परत सुरू होतो. पण गोची अशी, की बेशुद्ध माणूस ते स्वतःला देऊ शकत नाही. दुसरं कुणीतरी तिथे असावंच लागतं. खोलीचा सगळा फायदा या एका गोष्टीत आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये व्हँकुव्हरचा अभ्यास आला. इनसाइट उघडल्यावर त्याच्या ५०० मीटरच्या परिसरात ओव्हरडोसचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. उरलेल्या शहरात मात्र फक्त ९ टक्क्यांनी. सिडनीच्या केंद्राने पहिल्या २० वर्षांत हजारो ओव्हरडोस हाताळले, आणि तिथे एकही मृत्यू झाला नाही.

‘अशाने नशा वाढणार नाही का?’ हा प्रश्न कुणालाही पडेल. इनसाइट सुरू झाल्यानंतर व्यसन सोडवायच्या उपचारांना जाणाऱ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त वाढलं. रोज भेटणाऱ्या नर्सशी ओळख होते, मग एखाद्या दिवशी माणूस स्वतःहूनच विचारतो, ‘सुटायचं असेल तर काय करावं लागेल?’

दुसरा धोका सुईचा. एकच सुई दोघांनी वापरली की एचआयव्ही आणि हेपटायटिस सी पसरतो, घाणेरड्या सुईने गळवं होतात. २०१७ च्या सरकारी पाहणीत भारतातल्या सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६.२६ टक्के होतं. एकूण प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के. म्हणजे जवळपास २८ पट!

मग मुंबईत काय आहे?

अशी खोली भारतात कुठेही नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार नशा करणं हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी जाणूनबुजून जागा देणं हाही गुन्हाच. पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एक दार उघडं ठेवलंय. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जुनी सुई घेऊन नवी देणं, किंवा नशेऐवजी औषध देणं, हा गुन्हा ठरत नाही. मुंबईत ‘संकल्प’सारखी संस्था १९९५ पासून या लोकांमध्ये काम करतेय.

नशेऐवजी औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी. ती जिभेखाली ठेवायची. तलफ भागते, अंगदुखी आणि थरथर थांबते, पण एका मर्यादेपलीकडे तिचा परिणाम वाढत नाही, म्हणून श्वास बंद पडायचा धोका खूप कमी. मूळ पद्धत अशी, की रोज केंद्रावर यायचं आणि कर्मचाऱ्यासमोरच गोळी घ्यायची. म्हणजे बघा, ‘देखरेखीखाली घेणं’ आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त ते औषधाचं आहे. सुईचं नाही.

आणि इथेच आपल्या उपनगरांचा प्रश्न येतो. व्हँकुव्हरचा मोठा फायदा ५०० मीटरच्या आत दिसला होता. आपलं शहर रुळांच्या कडेने लांबच लांब पसरलंय. तलफेने अंग मोडून आलेला मुलुंडचा किंवा बोरिवलीचा पोरगा रोज दोन गाड्या बदलून लांबच्या केंद्रावर जाईल का? गेला तर त्या दिवशीचं नाक्यावरचं काम बुडणार. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये काही दिवसांच्या गोळ्या घरी द्यायची मुभा मिळाली, तेव्हा ही अडचण थोडी सुटली. पण जो अजून केंद्रापर्यंत आलेलाच नाही, तो आजही पोलीस दिसू नयेत म्हणून आडोशाला, एकटाच टोचतो. त्यातही तुरुंगातून किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून नुकता बाहेर आलेला सगळ्यात जास्त धोक्यात असतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि हात मात्र जुनाच डोस भरतो.

माझं मत विचाराल तर खोलीसाठी कायदा बदलेल तेव्हा बदलेल. त्याआधी गोळीचं केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आणणं आणि या लोकांसोबत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात नॅलोक्सोन देणं, एवढं केलं तरी जीव वाचतील.

आपण काय करू शकतो?

स्टेशनबाहेर कुणी निपचित पडलेलं दिसलं तर ‘गर्दुल्ला असेल’ म्हणून पुढे जाऊ नका. मोठ्याने हाक मारा, खांदा हलवा. ओठ निळसर, श्वास फार हळू किंवा घरघरता, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, यातलं काही दिसलं तर १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. श्वास थांबला असेल तर फोनवरच्या माणसाला तसं लगेच सांगा आणि तो सांगेल तसं करा. अँब्युलन्स येईपर्यंत तिथून हलू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.