बारीक आवाज आला तरी बटण दाबा

सकाळचे साडेदहा. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागाबाहेरची बाकं भरली आहेत. उरलेले भिंतीला टेकून उभे. एप्रिलचं ऊन जाळीतून थेट पायांवर येतंय. शिपाईमामा दारात येऊन नाव पुकारतात. कोणी उठत नाही. दुसऱ्यांदा पुकारत बसण्यापेक्षा ते केसपेपर हलवत रांगेत शिरतात आणि एका आजोबांच्या खांद्यावर हात ठेवतात. या रांगेत असंच करावं लागतं.

आधी डॉक्टर कानात बघतात. मळ भरलेला असेल तर थेंब लिहून देतात, आठवड्याने बोलावतात. बंद कानाची तपासणी कशी करणार? पहाटेची एसटी धरून आलेली एक बाई तशीच परत निघते. जिना उतरताना पुटपुटते, ते मात्र सगळ्यांना ऐकू जातं.

ज्यांचे कान मोकळे, त्यांना डावीकडच्या खोलीत पाठवतात. तिथे ऑडिओलॉजिस्ट मॅडम. वय तिशीच्या आतलं, आवाज खणखणीत. आजोबा बसतात, मुलगा मागे उभा.

"कधीपासून कमी येतंय?"

"मला येतंय की! हीच लोकं तोंडातल्या तोंडात बोलतात."

मुलगा छताकडे बघतो. मॅडम हसत नाहीत, पुढचं विचारतात. कानात शिट्टी वाजते का? चक्कर येते? कान वाहतो? काम काय करायचात? आजोबा यंत्रमाग चालवायचे, जन्मभर. मॅडम लिहिता लिहिता मान हलवतात. 85 डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडत राहिला की कानाला धोका असतो, आणि मागांच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

कोपऱ्यात बूथ. जाड दार, भिंतींना स्पंज, एक छोटी काच. आत पंखा नाही, कारण पंखाही आवाज करतो. आजोबा टोपी काढून आत बसतात. उजव्या कानावर लाल हेडफोन, डाव्यावर निळा, हातात बटण.

"बारीकसा आला तरी दाबायचं. अंदाजानं नाही."

दार लागतं. काचेतून कपाळावरचा घाम दिसतो. मॅडम 1000 हर्ट्झपासून सुरुवात करतात. ऐकू आला की आवाज दहा डेसिबलनं खाली, नाही आला की पाचानं वर. मग 2000, 4000, 8000, मग खालचे सूर. आजोबा मध्येच आवाज नसताना बटण दाबतात. मॅडम काही बोलत नाहीत, थांबतात, तोच सूर पुन्हा देतात. मशीन नुसतं विचारतं, उत्तर माणसाचं असतं. म्हणून घाई चालत नाही. बाहेर रांग कितीही कुरकुरू दे.

मग कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवतात. दुसऱ्या कानात वाऱ्यासारखी घरघर सोडतात, त्या कानानं मध्ये लुडबुड करू नये म्हणून. हाडातून नीट ऐकू आलं असतं तर बिघाड पडद्याच्या किंवा मधल्या कानाच्या बाजूचा ठरला असता. त्यावर बऱ्याचदा औषध किंवा ऑपरेशन चालतं. इथे तसं नाही.

कागदावर लाल गोल, निळ्या फुल्या. कागदाच्या डावीकडे, खालच्या सुरांना, 25 डेसिबलच्या आत, म्हणजे ठीक. उजवीकडे, वरच्या सुरांना, रेघ घाट उतरल्यासारखी खाली. मॅडम मुलाला दाखवतात, "स, फ, थ इकडच्या बाजूला असतात. बाबांना आवाज येतो, शब्द फुटत नाही. ओरडून उपयोग नाही. समोर बसून सावकाश बोला."

मुलगा पहिल्यांदा वडिलांकडे बघतो.

बाहेर व्हरांड्यात एक आई लेकराला खांद्यावर थोपटत येरझारा घालतेय. बाळाला बटण दाबता येत नाही. म्हणून बेरा नावाची तपासणी करायची, कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवून, गाढ झोपेत. काल रात्री उशिरापर्यंत त्याला जागवलंय, एसटीतही झोपू दिलेलं नाही. आता झोपायला हवं, तर ते टक्क जागं. जन्मल्यावर महिन्याच्या आत कानांची प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, असं गणित असतं. हे बाळ वर्षाचं दिसतंय. आईला कोणी विचारत नाही, उशीर का झाला.

आत आजोबांच्या कानात दोरा बांधलेला कापूस, त्यावर पिचकारीनं गुलाबी लगदा. श्रवणयंत्रासाठी साचा घ्यायचाय.

"हलू नका. घट्ट होऊ दे."

पाचेक मिनिटांनी लगदा निघतो, कानाच्या वळणावळणासकट. आजोबा तो हातात घेऊन उलटासुलटा बघतात.

"ह्यानं समदं पहिल्यासारखं ऐकू येईल?"

"नाही," मॅडम मोठ्यानं, त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणतात. "आधी भांडी आदळतील, गाड्या टोचतील. रोज थोडा थोडा वेळ लावा. सवय व्हायला महिना-दोन महिने जातील. काढून कपाटात ठेवलंत तर मी ओरडणार."

"ओरडा," आजोबा म्हणतात, "मला कुठं ऐकू येतंय."

शिपाईमामा पुढचा केसपेपर घेऊन रांगेत शिरतात.