दहा मिनिटांत बरं वाटलं तरी

भेडाघाटला रुंद पसरलेली नर्मदा खडकांत आकसत येते, तिचा वेग वाढतो आणि धुवांधारवरून ती गर्जना करत कोसळते. पात्र अरुंद झालं की पाणी धावतं. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीचंही असंच असतं. आतून चरबीचा थर साचून ती अरुंद झाली की त्या जागी रक्ताला वेग येतो, खळखळ होते. कधी डॉक्टरांना मानेवर स्टेथोस्कोप ठेवूनही ती ऐकू येते; डॉप्लर तपासणीत वाढलेल्या वेगावरूनच धमनी किती अरुंद झाली आहे याचा अंदाज बांधतात. त्या खडबडीत थरावर रक्ताची गुठळी धरते. तिचा एखादा तुकडा सुटून वर मेंदूत अडकला, की आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं.

आता समजा, भेडाघाटच्या पंचवटी घाटावरून होडी निघाली आहे. नावाडी यमकं जुळवत संगमरवरी कडे दाखवतो आहे. एवढ्यात काकांच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी गळून पडते. ती उचलायला हात उठत नाही. ओठाचा एक कोपरा खाली ओघळलाय, शब्द जड येताहेत. दुखत मात्र काहीच नाही आणि घात होतो तो इथेच. छातीत कळ आली तर माणूस घाबरतो. न दुखणाऱ्या हाताला ‘मुंग्या आल्या असतील’ म्हणून सोडून देतो. दहा मिनिटांनी काका नीट बोलू लागतात. ऊन लागलं असेल, असं ठरतं. घाटावर चहा होतो.

मला सगळ्यात जास्त भीती या चहाची वाटते. गुठळी आपोआप विरघळली, म्हणून हात हलला. ती जिथून आली ती जागा तशीच आहे. अशा ओसरलेल्या झटक्याला क्षणिक पक्षाघात म्हणतात. त्यानंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. एका डोळ्यापुढे अचानक पडदा येणं, एकाएकी तोल जाणं, समोरच्याचं बोलणंच न कळणं हेही असेच इशारे असू शकतात. ते विरले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

विरले नाहीत, तर मिनिटं मोजायची. मोठी धमनी बंद पडलेल्या झटक्यात मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. निवडक रुग्णांत तारेने गुठळी काढण्यासाठी 24 तासांपर्यंतही वाव असतो. पण त्या भरवशावर थांबू नये. जबलपूर भेडाघाटपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. रस्ता उशीर करत नाही, ‘थोडं पडून राहा, बरं वाटेल’ हे वाक्य करतं. गावाकडे कबुतराच्या रक्ताने मालिश करण्यात तर दिवसच्या दिवस गेलेले आहेत.

झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरची अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. जिभेखाली हृदयविकारावरची सॉर्बिट्रेटची गोळी ठेवली तर रक्तदाब एकदम पडून मेंदूचं रक्त आणखी कमी होऊ शकतं. पाणीसुद्धा नको, गिळणं बिघडलेलं असलं तर ते श्वासनलिकेत जातं.

होडी घाटाला लावायला सांगायची, 108 ला फोन करायचा आणि काका शेवटचे ठणठणीत दिसले ती वेळ लिहून ठेवायची. डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.